इखार सरांची पश्चिम

देवळीच्या बसस्टँडवर उतरून कुणालाही मधुकर इखार सरांचं घर विचारलं, तर तो सांगतो, "टाकीपासून उगवतीले जा, कापसाच्या जिनिंगची भिंत लागली का दक्षिणेले वळा, उत्तरेकडं तोंड असलेला हिरवा दरवाजा सरांचा." यात डावं-उजवं कुठं येत नाही. शेताचे धुरे, म्हणजे बांध, दिशांनी सांगायची सवय इथल्या लोकांना आधीपासून होतीच, गावातल्या गल्ल्यांना ती लावली सरांनी. बत्तीस वर्षं त्यांनी इथल्या शाळेत भूगोल शिकवला. निम्मं गाव त्यांच्या हातच्या छड्या खाऊन दिशा शिकलेलं आहे.

घरात तर कहरच होता. जेवताना सर म्हणत, "सुमती, लोणचं जरा पश्चिमेले सरकव," आणि सुमतीबाई सरकवत. लग्न होऊन नाचणगावहून आल्या तेव्हा पहिले आठ दिवस त्यांना वाटलं, नवरा फार देवाधर्माचा असावा, उठताबसता दिशांची नावं घेतो. मुलगा निशांत पाचवीत जाईपर्यंत त्याला आपला उजवा हात कोणता ते खात्रीनं सांगता येत नसे. आधी तो कुठं तोंड करून उभा आहे ते बघायचा.

सरांना सगळं गाव सर म्हणतं. त्यांना मधू म्हणणारा आता एकच माणूस उरला आहे, तो म्हणजे ते स्वतः, आणि तेही स्वतःला झापायचं असेल तेव्हाच. ही सगळी गोष्ट झापण्याचीच असल्यामुळे आपणही त्यांना मधूच म्हणू. त्यांची काही हरकत नाही. ही गोष्ट ते आजकाल स्वतःच सगळ्यांना सांगतात.

तर मधूचा दुसरा गुण असा की तो कधी कुणाला रस्ता विचारत नसे. रस्ता विचारणं म्हणजे परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणं, असं त्याचं मत होतं. नागपूरला इतवारीत लग्नाचा बस्ता घ्यायला गेले तेव्हा, अमरावतीला मेहुण्याचं नवं घर शोधायचं होतं तेव्हा, हैदराबादला चुलत्याचं ऑपरेशन होतं तेव्हा, प्रत्येक वेळी मधूनं वर बघून सूर्याचा अंदाज घेतला, ओठ मुडपले आणि चालू लागला. सुमती दोन पावलं मागं. आणि प्रत्येक वेळी दोघं बरोबर पोचले. "मी आयुष्यात कधी रस्ता चुकलो नाई," हे वाक्य तो स्टाफरूममध्ये बोले, पंगतीत बोले आणि एकदा तर स्मशानातून परतताना बोलला होता. आता खरं सांगायचं तर चुकण्याइतका तो हिंडलाच कुठं होता. जग त्यानं पाहिलं ते काठीनं, शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात.

निशांत पुण्याला एका कंपनीत आहे. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं सिडनीला जायचं काढलं. तो, त्याची बायको अस्मिता, नऊ वर्षांची ईरा आणि आईबाबा. मधूनं आधी नको म्हटलं, कारण लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. निशांतनं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मात्र तिसऱ्यांदा विचारेल याची खात्री नसल्यानं त्यानं घाईनं हो म्हटलं.

मग तो कैलासच्या कापडाच्या दुकानात गेला आणि ऐन मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीच्या उन्हात, दोन स्वेटर आणि एक मफलर मागितला. कैलास त्याचा जुना विद्यार्थी. त्यानं आधी सरांना पंख्याखाली बसवलं आणि पाणी दिलं.

"अबे, बरा आहो मी," मधू म्हणाला. "तिथं आता हिवाळा हाये. दक्षिण गोलार्ध. आपल्याकडं जे असते त्याच्या सगळं उलटं."

कैलासनं माळ्यावरून स्वेटर काढून दिले. पुढचे पंधरा दिवस मधूनं 'सगळं उलटं' हे दूधवाल्याला, पोस्टातल्या बाईंना आणि शेजारच्या अनुसयाबाईंना समजावून सांगितलं. अनुसयाबाईंना तर चिकूभोवती टॉर्च फिरवून दाखवलं. गावातल्या पन्नास माणसांच्या ते पक्कं ध्यानात राहिलं. एका माणसाच्या राहिलं नाही, तो विमानात बसला.

सुमतीनं जाण्याआधी काहीच मागितलं नव्हतं. ती मागत नाही. पण एकदा ईरानं तिला टॅबवर एक व्हिडिओ दाखवला. समुद्रातून एक अवाढव्य देवमासा सरळ वर उसळतो, हवेत वळतो आणि पाण्यावर आदळतो. पाणी म्हणून सुमतीनं पाहिलेलं सगळ्यात मोठं ते बोर धरणाचं. तिनं तो व्हिडिओ चार वेळा लावायला लावला.

"एवढा मोठा जीव, आन असा उडते?"

"आजी, आपण जाऊ ना तेव्हा हे मासे तिथूनच जात असतात. बोटीतून दिसतात," ईरा म्हणाली.

"मंग मले तेवढे दाखवा," सुमती म्हणाली. "बाकी कुठी नेलं नाई तरी चालन."

अडतीस वर्षांच्या संसारात तिनं 'मला हे बघायचंय' असं पहिल्यांदाच म्हटलं होतं. निशांतनं त्याच संध्याकाळी पाच जणांची तिकिटं काढून टाकली. मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी दुपारी दीडची बोट.

सिडनीत पहिले पाच दिवस मधूची फार कुचंबणा झाली. निशांत हातात फोन धरून पुढं चालायचा आणि त्या फोनमधली बाई सांगायची, दोनशे मीटरवर डावीकडे वळा. सगळं कुटुंब वळायचं. मधू सगळ्यांच्या मागून चालत असे. कुणी त्याला पूर्व विचारली नाही, पश्चिम विचारली नाही. त्यानं दोनदा आपणहून सांगून पाहिलं, पण तोवर त्या बाईनं सांगून टाकलेलं असायचं. हॉटेलातून मिळालेला कागदी नकाशा त्यानं रोज झोपण्याआधी पाठ केला आणि वाट बघत राहिला.

शेवटच्या दिवशी सकाळी ईराला संग्रहालय बघायचं होतं. सुमती संग्रहालयांना कंटाळली होती. ती म्हणाली, आम्ही दोघं त्या मोठ्या बागेत बसतो. निशांतनं त्यांना बागेत आणून सोडलं.

"मी एक वाजता घ्यायला येतो. इथून हलू नका."

"कायले येतं?" मधू म्हणाला. "बोटीचा धक्का इथून पश्चिमेले आहे. वीस मिनिटांचा रस्ता. आमी येतो."

"बाबा, बोट दीडला सुटते म्हणजे सुटते. आणि उद्या सकाळी आपलं विमान आहे. फोन तरी ठेवा जवळ."

फोन हॉटेलात चार्जिंगला होता. मधूनं तो मुद्दामच तिथं ठेवला होता, पण हे त्यानं सांगितलं नाही. निशांतनं आईकडं बघितलं.

"मी आहो ना संग," सुमती म्हणाली.

निशांत निर्धास्त होऊन गेला. मधूला वाटलं, बायकोचा आपल्यावर केवढा हा विश्वास. तो मनातून फुलून गेला. त्या वाक्याचा अर्थ त्याला दुपारी कळायचा होता.

सव्वाबाराला दोघं उठले. ऊन स्वच्छ पडलं होतं. मधू बागेच्या फाटकाबाहेर आला, पाय रोवून उभा राहिला आणि वर बघितलं. देवळीत हिवाळ्यात भर दुपारचा सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, दक्षिणेच्या ओट्यावर ऊन येतं, मिरच्या तिथं वाळवतात. म्हणजे सूर्य आहे ती दक्षिण. मग पश्चिम ही अशी. त्यानं हात लांब करून दाखवला, ओठ मुडपले आणि चालू लागला.

रस्ता छान होता. पाच दिवसांत पहिल्यांदा मधू पुढं होता आणि त्याच्यापुढं कुणी नव्हतं. तो सुमतीला बोलून दाखवू लागला, की हे फोनवाले लोक पांगळे होऊन राह्यले, एक दिवस ते यंत्र बंद पडलं म्हणजे यांना स्वतःचं घर सापडणार नाही. सुमती हं हं करत होती. रस्त्यांवरची नावं नकाशातल्या नावांशी जुळत नव्हती, हे मधूच्या तिसऱ्या चौकातच लक्षात आलं. त्यानं विचार केला, इथल्या नगरपालिकेनं नावं बदलली असतील. आपल्याकडं बदलत नाहीत का?

"कोणाले विचारून पाहता का?" सुमती म्हणाली.

"कोणाले विचारू? हे सगळे बाहेरचेच दिसून राह्यले."

पुढं एक फुलांचं दुकान आलं तिथं सुमती थांबली. दुकानातली बाई हसून काहीतरी म्हणाली. सुमतीनंही हात हलवून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, मग मान हलवून परत आली. बायकांना फुलं बघायचा सोस, असं मधूला वाटलं, आणि उशीर होतो म्हणून त्यानं तिला वर दोन शब्द सुनावले.

एक वाजून गेला तरी पाण्याचा पत्ता नव्हता. रस्ता चढाचा लागला. आणि मधूला काहीतरी खुपायला लागलं. दुपार कलली की पश्चिमेकडं चालणाऱ्याच्या तोंडावर ऊन यायला पाहिजे. हे ऊन तोंडावर येत नव्हतं. ते हळूहळू पाठीकडं सरकत होतं. मधूनं थांबून बघितलं, पुन्हा चालून बघितलं. पहिल्यांदा त्याला ही चूक सूर्याचीच वाटली.

मग तो जागच्या जागी उभा राहिला. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो. हे त्यानं बत्तीस वर्षं शिकवलं होतं. 'कारणे द्या' मध्ये दोन मार्कांना दर वर्षी विचारलं होतं आणि ज्यांना आलं नाही त्यांना बाकावर उभं केलं होतं. स्वेटर आठवणीनं आणला आणि सूर्य देवळीचाच धरून चालला. तासभर तो बायकोला घेऊन छाती काढून पूर्वेकडं चालत होता.

बसस्टॉपवर एक बाक होतं, तिथं तो बसला. सुमतीही बसली.

"सुमती, आपण उलटे आलो."

"हाव. मले वाटलंच."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलून काय करता? रस्ता कोणता ते मले तरी कुठी माहीत. इथं मले विचारता येत नाई ना."

"म्हंजे?"

सुमतीनं चपला काढून पाय मोकळे केले. मग म्हणाली, "तुमी इतवारीत सूर्य पाहून पोचलेते का? त्या गल्ल्याइत सूर्य दिसते तरी का? मी मागं राहून पानवाल्याले विचारत होती. मंग तुमाले म्हणत होती, इकडून सावली हाये, इकडून जाऊ."

मधूला ती सावली आठवली. प्रत्येक गावात सुमतीला कुठून तरी जायला सावली दिसायची.

"अमरावतीले?"

"रसवंतीवाल्याले इचारलं."

"हैदराबादले?"

"तिथं लय जड गेलं. पण एका बाईले हिंदी येत होती. आता त्या फुलवालीले बी विचाराले गेलती मी. बाई चांगली होती. पण मले तिचं कळलं नाई आन तिले माहं."

मधूला लाज वाटली, इतकी की सूर्याची लाज तो विसरून गेला. रस्ता न विचारण्यामागं त्याचं तत्त्व वगैरे काही नव्हतं. विचारलं की आपल्याला माहीत नाही हे समोरच्याला कळतं, एवढीच भीती होती. त्या भीतीला त्यानं तत्त्व म्हटलं, आणि अडतीस वर्षं त्याची बायको मागं राहून त्याच्या वाटचं विचारत आली.

"आता तुमालेच विचारावं लागन," सुमती म्हणाली. "माहा मासा निघून जाईन."

मधू उठला. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन येत होता. मधूनं इंग्रजीत वाक्य जुळवलं, त्यातला काळ तपासला, कर्ता-क्रियापद तपासलं, आणि तोवर म्हातारा पुढं निघून गेला. मधूला त्याच्या मागं पळावं लागलं. म्हातारा सज्जन निघाला. तो थांबला आणि सावकाश, हात करून सांगू लागला, दोन चौक सरळ, मग लेफ्ट, मग राइट, मग पुन्हा लेफ्ट. मधूला शब्द सगळे कळले. पण त्याच्या डोक्यात लेफ्ट-राइटला जागाच नव्हती. प्रत्येक लेफ्टची तो आधी दिशा काढायचा, आणि दिशा तर आज सगळ्या उलट्या होत्या. दुसऱ्या लेफ्टला त्याचा पार गोंधळ उडाला.

सुमतीला शब्द एकही कळला नव्हता. ती म्हाताऱ्याचे हात बघत होती. "चला," ती म्हणाली, "माह्या ध्यानात हाये." आणि पुढं चालू लागली. मधू दोन पावलं मागं.

ते धक्क्यावर पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते. बोट गेली होती. अस्मिता आणि ईरा बोटीत गेल्या होत्या, निशांत एकटा कठड्याजवळ उभा होता. सुमतीनं पाण्याकडं बघितलं. लांब एक पांढरा ठिपका दिसत होता, तो हीच बोट की दुसरी ते कळत नव्हतं.

"बाबा, कुठे होतात तुम्ही?" निशांतचा आवाज चढला होता. "तुम्हाला म्हटलं होतं ना मी?"

मधूनं तोंड उघडलं.

"माहा गुडघा धरला रे," सुमती म्हणाली. "अर्ध्या रस्त्यात बसाच लागलं. ते तं म्हणत होते, मी उचलून नेतो."

निशांतचा राग तिथल्या तिथं विरला. त्यानं आईला धरून बाकावर बसवलं. मधूनं उघडलेलं तोंड मिटून घेतलं. या सगळ्या प्रकरणात मधूनं केलेलं सगळ्यात वाईट काम हेच. सूर्य चुकणं त्यापुढं काहीच नाही.

संध्याकाळी ईरा परत आली ती उड्या मारत. मासे दिसले होते, एक तर बोटीच्या अगदी जवळ उसळला होता. सुमतीनं तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. पाणी किती उंच उडालं, आवाज कसा झाला, त्याचा डोळा दिसला का, असं एकेक विचारत राहिली. मग तोंड धुवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

देवळीला परतल्यावर गुडघ्यानं जोर धरला. निशांतनं अनुसयाबाईंना फोन करून आईकडं लक्ष ठेवायला सांगितलं होतं, त्यामुळे दोन दिवसांत गावभर झालं. कुणी निरगुडीचा पाला आणला, कुणी एरंडाची पानं आणली, कैलासनं वर्ध्याहून गुडघ्याचा पट्टा मागवला. एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, या वयात असे गुडघे क्वचित बघायला मिळतात, पण दुखतो म्हणता तर गोळ्या लिहून देतो. सुमती गोळ्या कुंडीत टाकी. कुणी घरी आलं की लंगडे, आणि घाईत कधी कधी दुसऱ्याच पायानं.

अनुसयाबाई रोज संध्याकाळी स्वतः गरम केलेलं तेल घेऊन येत आणि खुर्चीवर बसून म्हणत, "सर, चोळा." मग मधू पाटावर बसून त्या ठणठणीत गुडघ्याला अर्धा तास तेल चोळे.

"जरा पश्चिमेले चोळा," सुमती म्हणे. तिचा चेहरा अगदी गंभीर असे.

ही शिक्षा मधूला योग्यच वाटत होती. तो मनात हिशेब धरून बसला होता, की महिनाभर चोळलं म्हणजे फिटलं. तेवढ्यात निशांतचा फोन आला. दिवाळीत ते केरळला समुद्रावर जाणार होते.

"आईला आता प्रवास झेपायचा नाही," निशांत म्हणाला. "आम्ही तिघंच जाऊन येतो. आता तिला कुठं दगदग नको."

फोन स्पीकरवर होता. सुमती गव्हातले खडे काढत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि मग पुन्हा चालू झाला. "बरं बापू," ती म्हणाली.

"मी सांगून टाकतो त्याले," फोन ठेवल्यावर मधू म्हणाला.

"राहू द्या. पोरगं काय म्हणन तुमाले. नात बी हाये."

आणि मधूनं राहू दिलं. चार दिवस त्यानं रोज फोन हातात घेतला आणि रोज खाली ठेवला. ईरा त्याला फोनवर विचारायची, आजोबा, अमुक देश कुठं आहे, आणि तो सांगायचा. ते विचारणं थांबेल अशी त्याला भीती वाटत होती. बाकावर उभं राहणाऱ्या मुलांना कसं वाटत असेल, याचा त्यानं बत्तीस वर्षांत पहिल्यांदा विचार केला.

त्याच आठवड्यात शाळेचे मुख्याध्यापक महादेवराव घरी आले. शाळेत सरांचं व्याख्यान ठेवायचं होतं, 'माझा परदेश प्रवास'. मधू हो म्हणाला. शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात मुलं बसली, माजी विद्यार्थी आले, अनुसयाबाई सुमतीला हाताला धरून घेऊन आल्या आणि तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. पायाखाली घ्यायला एक वीटही आणून ठेवली.

मधूनं चार पानं लिहून आणली होती. त्यात विमान होतं, पूल होते, स्वच्छता होती. पहिलं पान वाचून झालं तेव्हा त्यानं समोर बघितलं. सुमती विटेवर पाय ठेवून बसली होती. पाय दोन्ही चांगलेच, पण आज पुन्हा भलताच वर होता. मधूनं पानं घडी करून खिशात घातली.

"दक्षिण गोलार्धात दुपारी सूर्य कोणत्या बाजूले असते?" त्यानं विचारलं.

नववीतल्या एका मुलीनं उभं राहून सांगितलं, "उत्तरेला, सर."

"बरोबर. मले नाई आलं. मी बाकावर उभा राहाले पाहिजे."

मुलं हसली. मग मधूनं सगळं सांगितलं. बाग सांगितली, फुलांचं दुकान सांगितलं, तो बाक सांगितला. इतवारीतला पानवाला, अमरावतीचा रसवंतीवाला आणि हैदराबादची ती बाई, सगळे सांगितले. हसू हळूहळू वाढत गेलं. महादेवरावांनी रुमाल तोंडावर धरला. मग मधू म्हणाला, "मॅडमचा गुडघा चांगला आहे. पहिलेपासून चांगला आहे. बोट माह्यामुळं गेली आन नाव तिनं गुडघ्याचं घेतलं. मी ते घेऊ दिलं. कोणी रेकॉर्ड करून राह्यलं असन तं निशांतले पाठवून देजा. माह्याच्यानं फोनवर बोलणं होत नाई."

कैलास रेकॉर्ड करत होता. त्यानं तिथल्या तिथं पाठवून दिलं. अनुसयाबाईंनी सुमतीकडं बघितलं, मग विटेकडं बघितलं, आणि महिन्याभराच्या तेलाचा विचार करत बसून राहिल्या.

घरी परतताना सुमती पुढं झपाझप चालली होती. जिनिंगच्या भिंतीपर्यंत तिनं मागं वळून बघितलं नाही. मधूला वाटलं, चार लोकांत तिचं उघडं केलं म्हणून ती रागावली असणार.

"राग आला का?"

"नाई." ती चालतच राहिली. "त्या दिवशी हॉटेलच्या बाथरूममंदी नळ सोडून रडली मी. तुमाले माहीत नाई. गुडघ्याचं मले काईच वाटलं नाई, लोक हसले त्याचं बी काई नाई. पण तो मासा मले दिसाले पाहिजे होता."

अडतीस वर्षांत तिनं त्याला असं तोंडावर कधी सांगितलं नव्हतं. माफ कर म्हणायची त्याला सवय नव्हती, तो शब्द त्याच्या तोंडून निघेना.

"पुन्हा जाऊ," तो म्हणाला.

"कोणाले विचारून?"

"तुले," मधू म्हणाला. "आता तुले विचारून."